जुना ट्रॅक्टर : किती मालकांचा, की कोणत्या मालकांचा?

(ऊस विकास विभागाकडून)



गळीत हंगाम आटोपला आणि गव्हाणीत शेवटची मोळी पडली, की आपल्या भागात दुसरा एक हंगाम सुरू होतो. तो जुन्या ट्रॅक्टरांच्या खरेदी-विक्रीचा. हंगामात वाहतूक करून दमलेले ट्रॅक्टर रंग मारून रस्त्याकडेला उभे राहतात आणि ऊसबिल हातात आलेला सभासद त्यांच्याभोवती फेऱ्या मारू लागतो. शेतकी कार्यालयात लागणीच्या नोंदीसाठी आलेली मंडळी हळूच विचारतात, "साहेब, एक ट्रॅक्टर बघितलाय. पण तिसरा मालक हाय म्हणत्यात. घ्यावा का?"

हा प्रश्न इतक्या वेळा कानांवर आला, की त्याचे उत्तर आपल्या पत्रिकेतूनच द्यावे असे वाटले. मी इंजिनिअर नाही, वकीलही नाही. पण बेणे आणि जमीन पारखण्यात उमेदीची वर्षे गेली, आणि या विषयात एकदा चांगली ठेचही लागली. तेव्हा अनुभवाच्या चार गोष्टी सांगतो.

ठेच कशी लागली

काही वर्षांपूर्वी माझ्या चुलत भावाला ट्रॅक्टर घ्यायचा होता. दोन ट्रॅक्टर पाहण्यात होते. दोन्ही एकाच कंपनीचे, जवळजवळ एकाच वयाचे. पहिल्याच्या आर.सी. बुकावर एकच नाव, दुसऱ्यावर चार नावे. भावाने मला विचारले आणि मी एका शब्दात सांगून टाकले, "एकाच मालकाचा घे. चार हातांतून फिरलेली वस्तू कशाला?" त्याने तीस हजार रुपये जास्त मोजून एक-मालकी ट्रॅक्टर घेतला.

पहिल्याच पावसाळ्यापूर्वी नांगरटीला लावला, तर मागच्या धुऱ्यातून आवाज येऊ लागला. डिफरन्शियल उघडले. क्लच आणि ब्रेकही त्याच वाटेवर होते. फिटरने हात पुसत विचारले, "हा उसाला होता ना?" चौकशी केली तेव्हा समजले, की मालक तालुक्याच्या गावी राहणारा, स्टिअरिंगला त्याचा हात कधी लागलाच नव्हता. पाच हंगाम दोन ट्रेलर जोडून वाहतूक झालेली आणि तेवढ्या काळात तीन ड्रायव्हर बदललेले.

आणि तो चार नावांचा ट्रॅक्टर? तो शेजारच्या गावातील एकाने घेतला. पहिले नाव वडिलांचे. ते वारल्यावर थोरल्या मुलाचे. पुढे वाटणी झाली तेव्हा धाकट्याचे. चौथे नाव धाकट्याच्या मेव्हण्याचे, आणि त्याच्याकडे ट्रॅक्टर जेमतेम एक वर्ष राहिला. आधीची सगळी वर्षे तो एकाच शेडमध्ये उभा राहत होता आणि तो धाकटाच चालवत होता. नावे चार, हात एक. आमच्या भावाच्या ट्रॅक्टरला नाव एक आणि हात तीन. भावाने मला कधी बोल लावला नाही, पण दिवाळीला घरी गेलो की तो ट्रॅक्टर शेडमधून माझ्याकडे बघतोय असे अजून वाटते.

यावरून मी एक शिकलो. आर.सी. बुकावर नावांची संख्या असते, वापराचा इतिहास नसतो. किंमत ठरते ती इतिहासावर.

बाजार नावे का मोजतो?

मग बाजारात "पहिला मालक", "दुसरा मालक" असे भाव वेगळे का? याचे कारण साधे आहे. विकणाऱ्याला आपल्या वस्तूची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींचेच उदाहरण घेऊन यावर एक निबंध लिहिला आणि २००१ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात त्याला वाटा मिळाला. त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ असा, की घेणाऱ्याला चांगले-वाईट ओळखता येत नसेल तर तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगली गाडीवाला विकायला तयार होत नाही, आणि बाजारात खोडीच्याच गाड्या उरतात.

आपल्या बैलबाजारात हे ज्ञान जुनेच आहे. म्हणून तर आपण दात मोजतो, खांद्यावरचा घट्टा बघतो, चालवून बघतो, आणि मालक बैल का विकतो आहे हे चार माणसांत विचारतो. नुसते दात मोजून कोणी बैल घेत नाही. ट्रॅक्टरचे मालक मोजणे म्हणजे दात मोजणे. ते जरूर मोजा, पण तिथेच थांबू नका.

बेण्याचेही तसेच. को ८६०३२ एवढे नाव ऐकून आपण बेणे उचलत नाही. मळा कोणाचा, बेणे कोणत्या पिढीचे, काणी-गवताळ वाढ होती का, हे पाहतो. नीट राखलेला खोडवा हलगर्जीपणाच्या लागणीला मागे टाकतो, हे आपण शिवारात दरवर्षी बघतो. ट्रॅक्टरच्या बाबतीतही लागण, खोडवा आणि निडवा एवढेच मोजून भागत नाही.

पहिली चाळणी : कागद

मालकीच्या इतिहासाचा एक भाग मात्र असा आहे की तिथे घासाघीस नाही. तिथे एक तर होकार, नाही तर नकार.

आपल्याच एका सभासदाची गोष्ट सांगतो. त्यांनी पावणेतीन लाखाला ट्रॅक्टर घेतला. ज्याच्याकडून घेतला त्याच्या नावावर तो नव्हताच. त्याने आणखी कोणाकडून तरी स्टँप पेपरवर घेतलेला. "नाव काय, हंगाम झाल्यावर करू" असे ठरले. मूळ मालकाचे कर्ज थकलेले होते. ऐन हंगामात, भरलेला ट्रेलर रस्त्यात सोडायला लावून वसुलीवाली माणसे ट्रॅक्टर घेऊन गेली. ट्रॅक्टर गेला, वाहतूक बंद पडली, आणि तोडणी टोळीला दिलेली उचल अंगावर राहिली. स्टँप पेपर त्यांच्याकडे आजही जपून ठेवलेला आहे. त्याचा उपयोग एवढाच, की फसवले कोणी हे त्यावर लिहिलेले आहे.

१९३० च्या मालविक्री कायद्याचे तत्त्व असे आहे, की विकणाऱ्याकडे जेवढा हक्क असेल, साधारणपणे तेवढाच घेणाऱ्याला मिळतो. ज्याचा हक्क अपुरा, त्याच्याकडून पुरा हक्क कसा मिळणार? म्हणून पुढील गोष्टी पैसे देण्यापूर्वी पाहाव्यात :

१) आर.सी.वर नाव असणारा माणूसच तुमच्यासमोर सही करतो आहे काय? दलाल किंवा "सध्याचा मालक" चालणार नाही.

२) आर.सी.वर बँकेचा वा फायनान्सचा बोजा आहे काय? "कर्ज फिटलंय" हे तोंडी उत्तर पुरेसे नाही. कर्ज देणाऱ्याचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा नमुना ३५ हवा. कर्ज बाकी असेल तर रक्कम विकणाऱ्याच्या हातात न देता त्याच्यासमक्ष कर्जखात्यात भरावी आणि उरलेलीच त्याला द्यावी.

३) चेसिस व इंजिनावर ठोकलेले क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी वाचून आर.सी.शी ताडून पाहा. क्रमांकाच्या जागी खरवडलेले, वेल्डिंग केलेले दिसले तर तिथूनच माघारी फिरा.

४) मूळ मालक वारला असेल, तर आधी वारसाच्या नावावर नोंद झाली पाहिजे. त्यासाठी नमुना ३१ आहे. एका भावाने विकायचा आणि दुसऱ्याने हरकत घ्यायची, हे प्रकार आपल्याकडे कमी नाहीत.

५) ट्रेलरची नोंदणी स्वतंत्र असते. ट्रॅक्टर तुमच्या नावावर आणि ट्रेलर तिसऱ्याच्या, असे होऊ देऊ नका.

६) सरकारी अनुदानावर घेतलेला असेल तर मंजुरीच्या कागदातील अटी वाचा. ठराविक मुदतीत विकू नये अशी अट असू शकते.

आता सरकारच्या वाहन संकेतस्थळावर आणि एम-परिवहन अॅपवर नोंदणी क्रमांक टाकला, की मालकाचा अनुक्रम, विमा व नोंदणीची मुदत अशी बरीच माहिती मोबाईलवर दिसते. घरातल्या शाळकरी पोरालाही ते जमते. मोबाईलवरील माहिती आणि हातातील कागद यांत फरक निघाला, तर आर.टी.ओ. कार्यालयात जाऊन खुलासा होईपर्यंत इसारही देऊ नका.

व्यवहार झाल्यावर नमुना २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या होऊन नाव बदलले पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० नुसार राज्यातल्या राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. विम्यावरील नाव बदलण्यासाठीही १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो.

हे घेणाऱ्याइतकेच विकणाऱ्या सभासदानेही ध्यानात ठेवावे. एक मोटार विकली गेली, आणि पुढे हातोहात आणखी विकली जाऊन चौथ्या माणसाकडे पोहोचली. आर.सी.वर नाव मात्र पहिल्याचेच राहिले. २००९ साली त्या गाडीखाली सापडून एक मुलगा दगावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २०१८ साली निकाल लागला, की नोंदीवर ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, आणि नुकसानभरपाई त्याच्यावर. गाडी विकून पैसे खर्चूनही झालेल्या माणसावर ही पाळी आली. "ट्रॅक्टर दिला, पैसे घेतले, सुटलो" असे समजणाऱ्याने हे विसरू नये.

दुसरी चाळणी : वापर

कागद स्वच्छ निघाले, की मग किमतीचा विचार. इथे प्रत्येक मालकाबद्दल तीन प्रश्न विचारावेत. किती वर्षे ठेवला? कशाला वापरला? का विकला?

कशाला वापरला, हे ट्रॅक्टर स्वतःच सांगतो. ड्रॉबारचे भोक लांबट झाले असेल आणि मागच्या टायरच्या गुट्ट्या मधोमध सपाट घासल्या असतील, तर तो रस्त्यावर भार ओढत आला आहे. हा त्याच्या खांद्यावरचा घट्टा समजा. पी.टी.ओ. शाफ्टच्या खाचा झिजल्या असतील तर रोटाव्हेटर भरपूर चालला. मागच्या धुऱ्याच्या टोकांतून तेल झिरपत असेल तर भातखाचरात चिखलणी झाली काय, हे विचारावे. पुढच्या धुऱ्याजवळ वेल्डिंगच्या खुणा असतील तर लोडर किंवा डोझर जोडलेला असू शकतो. यातले कोणतेही काम वाईट नाही. ट्रॅक्टर कामासाठीच असतो. पण त्या त्या कामाची झीज किमतीतून वजा झाली पाहिजे.

का विकला, याचे उत्तर मालकाकडून अर्धेच मिळते. उरलेले अर्धे ड्रायव्हरकडे आणि फिटरकडे असते. मोठा ट्रॅक्टर घ्यायचा म्हणून विकला, वाटणी झाली म्हणून विकला, मुलगा नोकरीला लागला म्हणून विकला, ही कारणे निरोगी आहेत. पण वर्षाच्या आत दोनदा हात बदलला असेल, तर ज्याने घेतला त्याला काहीतरी दिसले आणि त्याने ते पुढच्याच्या गळ्यात घातले, असा संशय घ्यायला जागा आहे. हप्ते थकून ओढून आणलेला ट्रॅक्टर स्वस्त मिळतो हे खरे, पण ज्याला हप्ता भरता आला नाही त्याने ऑइल वेळेवर बदलले असेल का, हा प्रश्न मनात ठेवूनच बोली करावी.

सर्व्हिसची बिले मागा. अधिकृत विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये चेसिस क्रमांकावरून जुन्या कामाची नोंद पुष्कळदा सापडते. ज्या मालकाने बिले फाईलला लावून ठेवली, त्याने डिझेलचे फिल्टरही वेळेवर बदलले असण्याचा संभव जास्त.

तिसरी चाळणी : तासांचा हिशेब

शेती अवजारांच्या पुस्तकात ट्रॅक्टरचे आयुष्य १० वर्षे किंवा १०,००० तास धरतात, आणि भंगाराची किंमत मूळ किमतीच्या १० टक्के. याच आधाराने एक उदाहरण करून पाहू.

नव्याची किंमत ७,००,००० रुपये धरू. भंगाराचे ७०,००० वजा जाता राहिले ६,३०,०००. त्यास १०,००० तासांनी भागले, की एका तासाची झीज ६३ रुपये.

ट्रॅक्टर 'अ' : एक मालक, ६ वर्षे, उसाची वाहतूक, ७,२०० तास. झीज ४,५३,६०० रुपये. शिल्लक किंमत २,४६,४०० रुपये.

ट्रॅक्टर 'ब' : तीन मालक, ६ वर्षे, घरची शेती, ३,६०० तास. झीज २,२६,८०० रुपये. शिल्लक किंमत ४,७३,२०० रुपये.

प्रत्यक्ष बाजारभाव याप्रमाणेच असेल असे नाही. नवा ट्रॅक्टर पहिल्या वर्षा-दोन वर्षांत जास्त उतरतो, आणि भाव कंपनी, अश्वशक्ती व हंगाम यांवरही ठरतो. पण तुलना करायला हा हिशेब पुरेसा आहे. दोन ट्रॅक्टरांत सव्वादोन लाखांचा फरक तासांनी पाडला. मालकांच्या संख्येने पाडलेला फरक त्यापुढे किरकोळ आहे. आणि बाजारात मात्र 'अ' ट्रॅक्टर "पहिला मालक" म्हणून मिरवत असतो!

मीटरवर आंधळा विश्वास नको, हेही सांगितले पाहिजे. मीटर बंद ठेवता येतो, बदलताही येतो. शिवाय केबलवर चालणाऱ्या जुन्या मीटरमध्ये तास घड्याळाचे नसून इंजिनाच्या फेऱ्यांवर मोजले जातात. म्हणून मीटरचा आकडा, सर्व्हिस बिलांवर लिहिलेले तास, आणि क्लच-ब्रेकच्या पायट्यांची झीज, ही तिन्ही एकमेकांशी जुळतात का ते पाहावे. मीटर २,००० तास म्हणतो आणि पायट्याचे रबर जाऊन लोखंड चकाकते आहे, तर खरे कोण बोलते हे सांगायला नको.

मग नावांच्या संख्येला काहीच किंमत नाही?

आहे. दोन कारणांनी आहे. पहिले, जितके मालक जास्त तितकी चौकशीची घरे जास्त. एखाद्या मालकाचा ठावठिकाणा लागला नाही, तर त्याच्या काळात काय झाले हे अंधारातच राहते, आणि अंधाराचे पैसे आपण देऊ नयेत. ज्या वर्षांची माहिती मिळत नाही ती वर्षे वाहतुकीची होती असे धरून हिशेब करावा. दुसरे, तुम्ही उद्या विकायला जाल तेव्हा पुढचा गिऱ्हाईकही नावेच मोजणार. दोन वर्षांत विकण्याचा विचार असेल तर चौथ्या मालकाचा ट्रॅक्टर घेताना तेवढी रक्कम आताच कमी करून घ्यावी. दहा वर्षे घरी राबवायचा असेल, तर या कारणासाठी फार मागे हटण्याची गरज नाही.

थोडक्यात क्रम असा ठेवावा. कागदात खोट असेल तर किती का स्वस्त असेना, घेऊ नये. कागद स्वच्छ असतील तर तास आणि वापर यांवर किंमत काढावी. फिटरला सोबत नेऊन, इंजिन थंड असताना पहिल्यांदा सुरू करून, दुरुस्तीचा अंदाज वजा करावा. आणि नावांच्या संख्येचा विचार सर्वांत शेवटी करावा. मी भावाला सल्ला दिला तेव्हा नेमका हा क्रम उलटा केला होता.

एक विनंती. येत्या हंगामात वाहतुकीच्या करारासाठी जुना ट्रॅक्टर घेणाऱ्या सभासदांनी इसार देण्यापूर्वी आर.सी. आणि विम्याची झेरॉक्स घेऊन आपल्या गटाच्या शेतकी कार्यालयात यावे. आम्ही ट्रॅक्टरची हमी देऊ शकणार नाही, पण कागद सोबत बसून वाचू, मोबाईलवरील नोंद पाहू, आणि तासांचा हिशेब मांडून देऊ. अर्धा तास जाईल. ऊसबिल हातात पडायला चौदा-पंधरा महिने राबावे लागते, त्यापुढे अर्धा तास काहीच नाही.

आणि माझ्या त्या चुलत भावालाही यंदा दुसरा ट्रॅक्टर घ्यायचा आहे. परवा त्याने पुन्हा मलाच विचारले. या वेळी मी "किती मालक?" असे न विचारता, "मागचा ड्रायव्हर कुठं राहतो?" असे विचारले. रविवारी आम्ही दोघे त्याच्याकडे जाऊन येणार आहोत.

— ऊस विकास अधिकारी